मागे बसणारा

नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात माई राहत. वय ७९. त्यांचा शिष्य बारा वर्षं त्यांच्या मागे बसून तानपुरा धरत आला होता. माईंचं गाणं घरच्या घरी नीट मुद्रित करून ठेवायचं, असं त्याने मनावर घेतलं.

आधी मित्राकडून कार्यक्रमांत वापरतात तसला डायनॅमिक माइक आणला. तो ओठांजवळ लागतो. माई तर गाताना मान वळवायच्या, हाताने आलापाची वाट दाखवत पुढे झुकायच्या. आवाज घटकेत अंगावर यायचा, घटकेत विरायचा. त्या अगदी जवळ आल्या की खर्ज उगाच फुगायचा.

मग साठवलेल्या पैशांतून कंडेन्सर घेतला, त्याला लागणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरसाठी इंटरफेसही घेतला. आता बारीकसारीक सगळं उमटलं. पंख्याची घरघर, फ्रिजची गुणगुण, शेजारच्या कुकरची शिट्टी, उघड्या भिंतींवरून परतलेला घुमाराही. माईंनी हेडफोन लावून मिनिटभर ऐकलं आणि काढून ठेवले.

“ही मी नाही रे.”

“माइकच हलका आहे, माई. दीड लाखाचा एक मिळतो. हप्त्यांवर घेतो.”

माई गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “गौहरजान कलकत्त्यात पहिल्यांदा तबकडीसाठी गायल्या तेव्हा माइक होता कुठे? कर्ण्यात तोंड घालून तीन मिनिटांत राग मांडायचा.” ती गोष्ट १९०२ सालची. त्या तबकड्यांतली खरखर ओलांडून गाणारी बाई आजही समोर उभी राहते, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे. “तू मला एवढंच सांग,” माई पुढे म्हणाल्या, “माझा आवाज कुठून चांगला ऐकू येतो?”

त्याला उत्तर देता येईना. बारा वर्षांत तो एकदाही माईंच्या समोर बसला नव्हता.

“उद्या तानपुरा दुसऱ्या कुणाकडे दे. तू पुढे ये.”

दुसऱ्या दिवशी माई गात होत्या आणि तो एका कानात बोट घालून खोलीभर फिरत होता. माइकला कान एकच. वीतभर अंतरावर श्वास आणि जिभेची टकटक स्वरापेक्षा मोठी वाटत होती. चार फुटांवर भिंतीच बोलत होत्या. दोनेक फुटांवर, माईंच्या कपाळाच्या उंचीवर त्याने कान नेला, आणि तिथे खर्जही भरीव लागला, तार षड्जही टोचला नाही. तो तिथेच थांबला. डोळे भरून आले होते. हा आवाज इतकी वर्षं आपल्यापासून हातभर अंतरावर होता, आणि आपण पाठीमागे बसून त्याचा फक्त माग घेत होतो.

बैठकीची खोली सोडून ते माजघरात आले. तिथे गोधड्यांची चळत होती, पुस्तकांची फडताळं होती. घुमारा तिथल्या तिथे जिरत होता. रस्त्याचा आवाज टाळायला पहाट निवडली, म्हणून राग ललत. ललतला पंचम वर्ज्य, तेव्हा तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात मिळवली. त्यातच अर्धा तास गेला, आणि तो जायलाच हवा होता. पंखा बंद, फ्रिज बंद. माइक तोच, कान होता तिथे त्याचं तोंड, आणि ज्या बाजूने त्याला कमी ऐकू येतं ती पाठ खिडकीकडे. तार सप्तकात आवाज फाटू नये म्हणून पातळी आधीच बेताची ठेवली.

उजाडल्यावर माईंनी हेडफोन लावले. मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. त्यांचा हात मांडीवर हलकेच लय धरत होता. अचानक त्या थांबल्या.

“इथे मागे घे जरा.”

त्याने घेतलं.

“मंद्र निषादावरून येताना ऋषभ चढा लागलाय. ऐकलास?”

“ऐकला, माई.”

“मग उद्या पुन्हा गाते. चारला ये.”

त्याने माइकवर रुमाल टाकला, स्टँड मात्र तिथून हलवला नाही.