अज्ञात लेखकाचे ज्ञान आणि दुरुस्तीचा धर्म

ज्ञान खरे कशावरून मानायचे याचा विचार करणाऱ्या भारतीय प्रमाणशास्त्रात दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या ज्ञानाच्या साधनाला शब्दप्रमाण म्हणतात, आणि न्यायदर्शनाच्या मते या प्रमाणाचे बळ आप्तावर, म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणाऱ्या आणि जाणली तशी सांगू इच्छिणाऱ्या माणसावर, अवलंबून असते. छापील कोशांची रचना पुष्कळशी या कल्पनेला धरूनच झालेली आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे आकाराला आलेल्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव छापले जाते, त्यामुळे त्या विधानामागे कोण उभा आहे हे वाचकाला कळते. २००१ मध्ये सुरू झालेल्या आणि २००३ पासून मराठीतही वाढत आलेल्या विकिपीडियात मात्र कोणीही लिहू शकतो आणि कोणाचेही लिखाण बदलू शकतो. प्रत्येक बदल लेखाच्या इतिहासात नोंदला जात असला, तरी तो करणारा बहुधा टोपणनावाआड असतो. ज्याचे आप्तत्व तपासता येत नाही त्याचा शब्द प्रमाण कसा मानावा, आणि तो सदोष निघाल्यास त्याची जबाबदारी कोणाची, असा प्रश्न त्यातून उभा राहतो.

या प्रश्नाची मांडणी करताना मीमांसक आणि नैयायिक यांच्यातील एक जुना वाद उपयोगी पडतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसक स्वतःप्रामाण्य मानतात: झालेले ज्ञान मुळात खरेच धरले जाते, आणि त्याला खोटे पाडणारे बाधक ज्ञान पुढे झाले किंवा ते ज्या कारणांनी उत्पन्न झाले त्यांत दोष आढळला, तरच ते टाकून दिले जाते. नैयायिकांचा पक्ष परतःप्रामाण्याचा आहे, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा त्या ज्ञानाबाहेरच्या कसोटीवर ठरतो असे ते मानतात. कोश चाळणारा वाचक व्यवहारात मीमांसक असतो, कारण प्रत्येक वाक्यावर संशय घेत बसल्यास वाचन अशक्य होईल. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र नैयायिकच व्हावे लागते. प्रत्येक विधान प्रकाशित आणि विश्वासार्ह संदर्भावरून पडताळता आले पाहिजे, हा विकिपीडियाचा नियम परतःप्रामाण्याचाच व्यावहारिक अवतार होय, आणि लेखक अज्ञात असल्याने आप्तत्वात जी उणीव राहते ती तो नियम भरून काढू पाहतो.

ज्या दोन दोषांमुळे अशा दुरुस्तीची गरज सर्वाधिक भासते, ते निकृष्ट भाषांतर आणि नक्कल हे दोष एकाच जातीचे नाहीत. भाषांतराचा दोष सत्याविषयीचा आहे. एखाद्या व्यक्तीच्या निधनानंतर तिचे दोन मुलगे मागे राहिले, असे मूळ इंग्रजी लेखात असताना यंत्राने केलेल्या भाषांतरात दोन मुलगे बचावले असे उतरले, तर वाक्य व्याकरणाने निर्दोष राहते आणि जो अपघात कधी घडलाच नाही त्याचे ज्ञान वाचकाला देते. अशा वाक्यात खटकण्याजोगे काहीच नसल्यामुळे ते ओबडधोबड वाक्यापेक्षा अधिक घातक ठरते, आणि त्याची दुरुस्ती केवळ भाषा घासूनपुसून होत नाही. त्यासाठी मूळ लेखाकडे आणि त्याच्याही पलीकडे, त्या लेखाच्या संदर्भांकडे, जावे लागते.

नकलेचा दोष अस्तेयाविषयीचा आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतील पाच यमांमध्ये सत्य आणि अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, हे वेगवेगळे गणले आहेत, आणि बौद्ध पंचशीलांतही न दिलेले घेण्यापासून दूर राहण्याचे शील असत्य न बोलण्याच्या शीलाहून वेगळे आहे. या भेदामुळे, उतरवून घेतलेला मजकूर अक्षरशः खरा असला तरी तो काढून का टाकावा लागतो, हे स्पष्ट होते. प्रताधिकार मांडणीवर असतो, तथ्यावर नसतो; म्हणून तथ्ये ठेवून ती स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहिणे हा त्यावरचा उपाय ठरतो, आणि चार शब्द इकडेतिकडे करणे हा उपाय ठरत नाही. विकिपीडियाचा स्वतःचा मजकूर मुक्त परवान्याने दिलेला असला, तरी ते दान सशर्त आहे: मूळ लेखनाचे श्रेय नोंदवावे आणि नवे लेखनही त्याच परवान्याने खुले ठेवावे, या अटी पाळल्या नाहीत तर मुक्त मजकूरही न दिलेला ठरतो. याउलट १९३७ मध्ये निधन पावलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांचे लेखन भारतीय कायद्यानुसार आता प्रताधिकारमुक्त आहे. त्यांच्या ज्ञानकोशातील परिच्छेद श्रेय देऊन घेतल्यास चोरी होत नाही, परंतु १९२०च्या दशकातील लोकसंख्या किंवा राज्यव्यवस्था आजची म्हणून सांगितल्यास असत्य मात्र होते.

मराठी परंपरेत परक्या ग्रंथाच्या दुरुस्तीचा आदर्श म्हणून संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, केलेल्या ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकडे पाहिले जाते. सुमारे तीन शतकांच्या नकलांत शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले आणि मूळ ग्रंथात कोणी आपली भर घालू नये असे बजावले. मात्र हा आदर्श येथे अर्धाच लागू पडतो. एकनाथांपुढे परत जाण्यासाठी एका कर्त्याचा एक ग्रंथ होता. सामूहिक कोशात असा मूळ पाठच नसल्यामुळे शुद्धी म्हणजे मागे जाणे नसून संदर्भांच्या कसोटीला उतरणे होय. त्यांच्याकडून घेण्याजोगा आहे तो संयम, कारण दुसऱ्याचे लिखाण सुधारणारा स्वतःचे मत त्यात घालू लागला की तोच नव्या अपपाठाचा कर्ता होतो.

मराठीसारख्या भाषेत ही जबाबदारी अधिक जड होते. जालावर मराठीतून एखाद्या विषयावर एकच लेख असेल, तर त्याला खोटे पाडणारे बाधक ज्ञान वाचकाला भेटतच नाही. पुढे एखाद्या वृत्तपत्राने तीच चूक छापली आणि कोशाने त्याच वृत्तपत्राचा संदर्भ दिला, तर तर्कशास्त्र ज्याला अन्योन्याश्रय म्हणते तो दोष उत्पन्न होतो, म्हणजे दोन विधाने एकमेकांच्या आधारावर उभी राहतात आणि दोहोंच्या खाली आधार काहीच नसतो. त्यामुळे ज्याला चूक दिसली, ज्याच्याजवळ संदर्भ आहे आणि जो ती बदलू शकतो, त्याला ती आपण लिहिलेली नाही असे म्हणून सुटता येत नाही. कर्तृत्व जेथे अनेकांत वाटले गेले आहे, तेथे उत्तरदायित्व जाणणाऱ्याकडे येते.