कुंपण कुणाचे?



वादळात एकाच्या वाडीतला माड दुसऱ्याच्या कुंपणावर पडतो. तारा तुटतात, दोन खांब मोडतात. भरपाई कुणी द्यायची? मे 2021 च्या तौक्ते वादळानंतर आपल्या वसईत हा प्रश्न बऱ्याच घरांपुढे आला. एक म्हणतो, "वादळ काय मी आणले?" दुसरा म्हणतो, "माड तर तुझाच ना?" दोघेही खरे बोलत असतात, म्हणूनच भांडण मिटत नाही.

दोष आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरोगी झाड वादळाने पाडले, तर मालकाच्या माथी दोष येत नाही. पण बुंधा पोखरलेला होता, शेजाऱ्याने दोनदा सांगितले होते, तरी झाड तसेच ठेवले, तर वादळाचे नाव पुढे करता येणार नाही. तेथे भरपाई हा उपकार नसून देणे आहे.

कुंपणाच्या मालकीचेही तसेच. जमीन कुणाची, खर्च कुणाचा आणि आजवर डागडुजी कुणी केली, असे तीन प्रश्न आपण एकात गुंडाळतो. संत थॉमस अक्वायनस खाजगी मालकीचे समर्थन करताना पहिलेच कारण देतात ते हे, की माणूस स्वतःच्या वस्तूची अधिक काळजी घेतो. आपल्याकडे मात्र शेवग्याच्या शेंगा काढायच्या तेव्हा कुंपण 'माझे' असते आणि खांब बदलायची वेळ आली की ते 'दोघांचे' होते!

अशा वादात आम्हा धर्मगुरूंकडून एकच वाक्य अपेक्षित असते, 'सोडून द्या.' अब्राहामाचा दाखलाही हाताशी असतो. गुराख्यांची भांडणे झाली तेव्हा वडीलधाऱ्या अब्राहामाने जमीन निवडण्याचा पहिला मान पुतण्या लोटाला दिला. पण आपण हे विसरतो की अब्राहामाने स्वतःचा हक्क सोडला, दुसऱ्याला सोडायला लावला नाही. प्रत्यक्षात 'सोडून द्या' हे बहुधा एकट्या विधवेला ऐकावे लागते. ज्याचे चार मुलगे दाराशी उभे आहेत, त्याला ते कुणी सांगत नाही. नीतिसूत्रांच्या 23व्या अध्यायात जुनी हद्द सरकवू नये, असे सांगताना त्याच ओघात अनाथांच्या शेताचा उल्लेख येतो, तो उगाच नव्हे. बांध कोरला जातो तो दुबळ्याचाच. म्हणून आमचे मत असे, की आधी न्याय ठरावा. आपल्या हक्काचे किती, हे कळल्यावर ज्याला उदार व्हायचे त्याने खुशाल व्हावे.

आता व्यवहाराचे. सातबारा क्षेत्र सांगतो, पण हद्द नेमकी कुठून जाते ते नकाशा आणि मोजणीने ठरते. मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा लागतो. (व्हरांड्यात दोन्ही पक्षांचे ऐकून घेणाऱ्या फादरांना मोजणी येत नाही!) हद्दीच्या खुणा उपटणाऱ्याला 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत दंडाची तरतूद आहे. शक्य असेल तर खर्च दोघांनी मिळून करावा, म्हणजे निकाल एकाने विकत आणल्यासारखा वाटत नाही. अर्ज एकाने केला तरी लगतच्या धारकांना नोटीस जाते. ती दारात येण्याआधी आपण स्वतः कुंपणाशी जाऊन शेजाऱ्याला तसे सांगावे.