नोंदीत नसलेले नाव

घर सोडून गेलेल्या स्त्रीची गोष्ट गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगते. ती कधी गेली, कोणत्या लुगड्यात गेली, जाताना मागे वळून पाहिले की नाही, हे सगळे गावाला पाठ असते. ती का गेली, एवढेच कोणाला आठवत नाही.

जाणाऱ्याचे पाऊल सर्वांना दिसते. त्याला घालवणारा हात दिसत नाही.

पुण्यात १८६३ साली काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला चालला. जोतीराव फुल्यांचे स्नेही गोवंडे यांच्याकडे ती स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. मूल जन्मले. तिने ते मारले आणि विहिरीत टाकले. तिला जन्मठेप झाली, अंदमानला पाठवण्यात आले. जोतीरावांनी पुढे ही हकिगत लिहून ठेवली. तीत काशीबाईचे नाव आहे. शास्त्री मात्र केवळ शास्त्री म्हणून येतो आणि निघून जातो.

गुपित दोघांचे असते. पोट एकीचेच दिसते.

त्याच वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर पत्रके लावली. विधवांनी गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. १८८४ साली जोतीरावांनी सरकारला लिहिले, तोवर ३५ विधवा तेथे बाळंत झाल्या होत्या. मुले जगली ५. बाकीची, आयांनी गर्भ लपवण्यासाठी घेतलेल्या जहाल औषधांनी पोटात असतानाच खचली होती.

लपवण्याची पहिली किंमत तो जीव देतो, ज्याला आपण लपवले जात आहोत याची खबरही नसते.

त्या घराच्या दाराशी आलेल्या बाईला कोणी जाब विचारला नाही. त्या काळी तिच्यावर करता येण्यासारखी सर्वांत मोठी दया हीच होती. उपदेश करणारे पुष्कळ होते. मदत करणारेही थोडे होते. गप्प राहून मदत करणारे फारच थोडे. दुसऱ्याच्या संकटात माणसाच्या उदारतेची परीक्षा त्याच्या देण्यात होत नाही. ती त्याच्या कुतूहलाला आवर घालण्यात होते.

पंढरपुरात १८७५ साली टाकलेल्या मुलांसाठी आश्रम निघाला. तेथे न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांनी पुढाकार घेतला, प्रार्थना समाजाने तो चालवला. जागा पंढरपूरच असावी, यात नवल नाही. विठ्ठलाच्या दर्शनाला निघालेल्या विधवेला कोणी कारण विचारत नसे. विधवेला एकटीने घराबाहेर पडण्याचे तेवढेच निमित्त समाजाने मोकळे ठेवले होते. तिथून कोणी परतल्या, कोणी परतल्याच नाहीत. परतणारीला बुक्का आणि प्रसादही न्यावा लागत असणार. घरी तो भक्तिभावाने वाटला जात असणार.

आयुष्य सोडण्यासाठी प्रत्येक वेळी घर सोडावे लागत नाही. त्याच घरात, त्याच चुलीपुढे पुन्हा बसणारी बाईही कायमची निघून गेलेली असू शकते.

सुरतच्या न्यायालयाने १८८१ साली विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली. अपिलात शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांत स्त्रीजातीच्या नीतीवर पुष्कळ लिहिले गेले. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. साहस, कपट, अविचार हे दोष स्त्रीचेच का, की तेच पुरुषातही असतात, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर देण्याऐवजी लोक संतापले. ज्या प्रश्नाचे उत्तर सर्वांना माहीत असते, तोच प्रश्न सर्वांना उद्धट वाटतो.

पुनर्विवाहाचा कायदा त्याआधीच, १८५६ साली झाला होता. त्याने विधवेला दुसरे घर करण्याची मुभा दिली. पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क मात्र संपवला आणि पहिल्या मुलांचा ताबा न्यायालयामार्फत नवऱ्याच्या माणसांकडे जाण्याची वाट ठेवली. बाहेर पडण्याचे दार उघडताना त्याच दाराशी पोर ठेवून जा असे सुचवणारा तो कायदा होता. तरीही तो उपकारच होता, कारण त्याआधी दारच नव्हते. पुढे गेलेल्या समाजाला आपले उपकार मोठे दिसतात. ज्यांच्यावर ते झाले त्यांना त्यांची अट आठवत असते.

माणसाला जुने नाव, जुने गाव, जुनी बोली सोडता येते. माहेरची वाट विसरता येते. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट मात्र सोडता येत नाही. जग विसरले तरी ती बाई विसरणार नसते, आणि जग विसरल्यावर तर आठवण ठेवणारी ती एकटीच उरते.

आज सोवळ्या विधवा नाहीत. बालकाश्रम आहेत, आणि तिथे येणाऱ्या मुलीही आहेत. कोणी कुमारी असते, कोणी फसवली गेलेली, कोणी अत्याचार सोसलेली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे ती बाल कल्याण समितीपुढे मूल स्वाधीन करते. निर्णय फिरवण्यासाठी तिला दोन महिने मिळतात. कायद्याने मुदत दिली हे चांगलेच केले. पण ती सही करते तेव्हा तिच्यापुढे मोकळे आयुष्य पसरलेले आहे असे समजणाऱ्यांनी तिच्या हाताकडे नीट पाहिलेले नसते.

काही वर्षांनी तिचे लग्न होते. दिवस जातात. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरली जाते, पाच सुवासिनी ओटी भरतात, पहिलटकरीण म्हणून तिचे कौतुक होते. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, पहिलीच वेळ ना? ती मान हलवते. तपासणाऱ्या बाईला कळते. कळूनही ती कागदावर तेच लिहिते जे सासूला वाचता येईल.

गुपित एकदा पुरून भागत नाही. ते रोज पुरावे लागते. मुलाच्या प्रत्येक वाढदिवसाला त्या घरात दुसऱ्या एका मुलाचे वय मनातल्या मनात मोजले जाते. हे मोजणे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून लोक म्हणतात, ती सगळे विसरून संसारात रमली.

रमणे खोटे असते असेही नाही. माणूस एकाच वेळी सुखी असतो आणि भीत असतो. ज्यांच्यापाशी गमावण्यासारखे काही नसते त्यांना ही भीती कळत नाही.

मग एक दिवस दारावर कोणी येते. पुण्या-मुंबईच्या संस्थांतून कित्येक मुले परदेशी कुटुंबांत दत्तक गेली. त्या व्यवहाराला सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात शिस्त लावली. ती मुले आता मोठी झाली आहेत. भाषा वेगळी, आडनाव वेगळे, चेहरा मात्र इथला. ती येतात आणि वहीतले एक पान पाहू मागतात. जन्माचा दिवस, वजन, आईचे नाव. ते नाव पुष्कळदा खरे नसते.

त्यांचा शोध हट्ट नव्हे. ज्याला आपल्या आईचे नाव बालपणापासून ठाऊक आहे त्याला ते नसण्याचा अर्थ कळत नाही. रक्तदाब, मधुमेह, घरात कोणाला काय होते, असे डॉक्टर विचारतो तेव्हाही त्यांच्यापाशी उत्तर नसते. आपण नकोसे होतो की आपल्याला ठेवणे अशक्य होते, एवढा एक प्रश्न घेऊन कोणी दोन समुद्र ओलांडून येते. अशा माणसाला ‘आता कशाला’ असे विचारणारे स्वतःच्या घराण्याची वंशावळ मात्र भिंतीवर लावतात.

आणि तिची भीतीही कांगावा नव्हे. तिला त्या मुलाचे भय नसते. आपण मौनावर उभारलेले घर एका हाकेने कोसळेल, याचे भय असते. जावयाला काय सांगायचे, नातवंडांपुढे कसे उभे राहायचे, इतक्या वर्षांनी नवऱ्याच्या शेजारी कसे बसायचे. तिच्या वयाची माणसे आता विश्रांतीची भाषा बोलत असतात. तिला नेमके आता साक्ष द्यायला बोलावले जाते.

दत्तकाच्या २०२२ च्या नियमांनी या दोघांमध्ये सीमा आखली आहे. सज्ञान झालेल्या मुलाला आपल्या मुळाचा शोध घेता येतो. आईने नाव गुप्त ठेवण्यास सांगितले असेल, तर आधी तिची संमती घ्यावी लागते. एकाचा जाणून घेण्याचा हक्क आणि दुसरीचा गप्प राहण्याचा हक्क. दोन्ही न्याय्य आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी पुरे होऊ शकत नाहीत. जगातले खरे दुःख अन्यायातून येते तितकेच दोन न्याय्य गोष्टींच्या भेटीतूनही येते.

काही जणी दार उघडतात. काही जणी ओळखत नाही म्हणतात. अशा एका नकाराची मला जवळून माहिती आहे. त्याहून अधिक सांगण्याचा अधिकार माझा नाही. एवढेच म्हणता येईल, की नकार देणाऱ्या माणसाने ओळखलेले नसते असे नाही.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८७४ साली त्या गृहात जन्मलेला एक मुलगा दत्तक घेतला. यशवंत. त्याच्या जन्मदात्रीचे नावही काशीबाईच. ते पुसले गेले नाही. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या रोग्यांवर त्याने उपचार केले; रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई त्याच साथीत गेल्या. एका काशीबाईला शहराने समुद्रापार धाडले. दुसरीच्या मुलाने त्याच शहराची नाडी पाहिली. दोघींत फरक चारित्र्याचा नव्हता. एकीला दार उघडे मिळाले, एकीला मिळाले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली एका निकालात म्हटले, की अविवाहित आईने मुलाचे पालकत्व मागताना बापाचे नाव सांगण्याची सक्ती नाही. निकाल योग्यच आहे. तिच्यावरचा एक जाच त्याने संपवला. पण त्या रिकाम्या रकान्याकडे पाहिले की दीडशे वर्षांपूर्वीचा तो शास्त्री आठवतो. तेव्हा नाव लपवले गेले त्याच्या प्रतिष्ठेसाठी. आता ते विचारले जात नाही तिच्या शांततेसाठी. कारण बदलले, रकाना रिकामाच राहिला. तो पुरुष कुठेतरी गेला असेही नाही. तो आपल्याच गावात, आपल्याच नावाने राहिला. त्याला आयुष्य सोडावे लागले नाही, म्हणून त्याला काही लपवावेही लागले नाही.

उशिरा उघड झालेल्या सत्यावर घरातली माणसे सर्वांत आधी एकच वाक्य बोलतात. आम्हाला फसवले. हे वाक्य अर्धे खरे आहे. ज्या घरात सत्य सांगता आले असते त्या घराची बाई सहसा ते लपवत नाही. घराने तिला बोलू दिले असते का, हे घराने स्वतःला विचारलेले नसते.

मुलाला जाणण्याचा हक्क आहे. आईला गप्प राहण्याचा हक्क आहे. निवाडा करण्याचा हक्क उरलेल्या कोणालाही नाही, नवऱ्याला नाही, लेकरांना नाही, भावकीला तर नाहीच. असे सत्य ज्या घरात पोहोचेल त्या घराने आधी तिला बसायला सांगावे, पाणी द्यावे आणि ती जेवढे बोलेल तेवढेच ऐकावे. हिशेब मागायचाच असेल, तर तो ज्याचे नाव कोणत्याच वहीत नाही त्याच्याकडे मागावा.