येतो

निफाडची थंडीतली पहाट. द्राक्षबागेकडे निघालेला माणूस उंबऱ्याशी चपला सरकवतो आणि घराकडे वळून म्हणतो, 'येतो.' निघालाय तर तो जायला. शब्दकोश उघडून बसलं, तर हे चक्क उलटं बोलणं. पण आतून 'ये हं' असं उत्तर येतं. कुणाचाही गोंधळ होत नाही. शब्द बोलणाऱ्याचा, अर्थ दोघांचा. देवापुढे आपण नारळ 'वाढवतो'. काचेची बांगडी पिचली, तरी ती 'वाढवली' म्हणतो. फुटणं तोंडून काढायचं नाही, म्हणून वाढणं आलं. आणि ऐकणाऱ्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट समजून घेतलं.

कुणी म्हणेल, हे आडवळण कशाला? सरळ बोलावं. खरंय. लासलगावला कांद्याचा लिलाव पुकारला जातो, तेव्हा भावाला एकच अर्थ हवा. तिथे गोडवा कामाचा नाही. पण लिलाव संपला, की पुन्हा माणसांचं बोलणं सुरू होतं. 'फार शहाणा आहेस' हे कौतुक की टोमणा? नुसता शब्द सांगत नाही. सूर सांगतो, नातं सांगतं. निरोप मोबाइलवर लिहून आला, की सूर वाटेतच गळतो. 'ठीक आहे' एवढंच येतं, आणि आपण दिवसभर फुगून बसतो. शब्द बोलणाऱ्याचा, अर्थ दोघांचा. आपल्या वाट्याचं अर्धं काम तेवढं राहून जातं. रागावण्याआधी एकदा फोन करून विचारावं, 'तुला काय म्हणायचं होतं?'

आणि आज दारातून कुणी 'येतो' म्हणालं, तर हातातलं काम क्षणभर ठेवा. 'ये' म्हणा.