रक्ताला कुळ असतं का?

रक्ताच्या शुद्धतेच्या नावाखाली आपल्याकडे सोयरिकी मोडल्या, पंगती वेगळ्या बसल्या. ही श्रद्धा तपासायची तर रक्ताला लाल रंग देणाऱ्या पेशीकडेच पाहावं. अस्थिमज्जेत परिपक्व होताना तांबडी पेशी आपलं केंद्रक बाहेर टाकते, आणि आनुवंशिक मजकूर असतो तो त्यातच. उरतं ते मुख्यतः हिमोग्लोबिन: सुमारे २७ कोटी रेणू, प्रत्येकात लोहाचे चार अणू, प्रत्येक अणूपाशी ऑक्सिजनचा एक रेणू. मायटोकॉन्ड्रियाही नसल्यामुळे वाहून आणलेला हा ऑक्सिजन ती स्वतःच्या ऊर्जेसाठी वापरतच नाही. सुमारे १२० दिवसांनी प्लीहेत किंवा यकृतात तिचं विघटन होतं. वंशाभिमानाचा सारा भार आपण ज्या पेशीवर टाकला, तिच्यात वंशाची नोंदच नाही!

कुणी म्हणेल, रक्तगट आईवडिलांकडूनच येतो, सिकलसेलही येतो. शिवाय पांढऱ्या पेशींत डीएनए असतोच. हे सगळं खरं आहे. पण आनुवंशिकता निराळी आणि शुद्धता निराळी. सिकलसेलचा वारसा हा हिमोग्लोबिनच्या एका जनुकातला बदल आहे, त्यात उच्चनीच काही नाही. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला दुर्मीळ ‘बॉम्बे’ रक्तगट घ्या. अशा माणसाला त्याच गटाचं रक्त लागतं. ते भावंडांत मिळण्याची शक्यता अधिक, हे मान्य. पण सख्ख्या भावाचं जुळलं नाही, तर जुळणाऱ्या अनोळखी माणसाचं चढवतात, आणि त्याची जात किंवा धर्म प्रयोगशाळेतल्या कोणत्याही जुळवणी-चाचणीत दिसत नाही.