गुणाचे वतन कोणाचे?

स्फटिकाशेजारी जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक तांबडा दिसतो, पण तांबडा होत नाही, हा सांख्य-वेदान्तातील दृष्टान्त आपल्या मनात इतका मुरलेला आहे की, आधाराने किंवा शेजाराने आलेला गुण तो उपाधीचा, म्हणून मिथ्या, आणि वस्तूच्या अंगचा तेवढाच खरा, हा निवाडा आपण चौकशीवाचून कबूल करतो. जुन्या महसुली भाषेत बोलायचे तर गुण मिरासदार आहे की उपरी एवढेच आपण विचारतो, आणि तो उपरी ठरला की त्याचा दावा खारीज करतो. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. आणि धातूच्या स्फटिकावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा वाढवणाऱ्या विद्येची साक्ष मी त्याविरुद्ध दाखल करू इच्छितो.

या विद्येत आधी चांदीचा एकसंध स्फटिक निर्वात पोलादी कक्षात ठेवून, आरगॉनच्या आयनांचा मारा करून आणि तापवून, त्याचा पृष्ठभाग निर्मळ व सपाट केला जातो. कक्षातील हवेचा दाब वातावरणाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी ठेवावा लागतो, कारण याहून ढिलाई झाली तर उरलेल्या वायूचे रेणूच त्या पृष्ठभागाचा ताबा घेतात. मग किंचित ऑक्सिजन सोडून मॅग्नेशियमची वाफ त्या तापल्या चांदीवर बसू दिली की मॅग्नेशियम ऑक्साइडचा थरावर थर चढतो. आणि दोहोंच्या अणुरचनेतील अंतरांत सुमारे तीन टक्केच तफावत असल्यामुळे हा पापुद्रा चांदीच्याच ठेवणीवर उभा राहतो. असे तीन थर मिळून जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे सोळा लाखाव्या भागाएवढी भरते.

आता या तीन थरांवर सोन्याचे सुटे अणू ठेवले तर काय होईल? मिलानचे संशोधक पाकिओनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये गणिताने वर्तविले, आणि बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतील संशोधकांनी २००७ मध्ये प्रत्यक्ष दाखविले, की खालच्या धातूतील इलेक्ट्रॉन पापुद्र्यातून आरपार येऊन सोन्याच्या अणूवर बसतो. ज्या चांदीचा त्या सोन्याला स्पर्शही नाही, तिचा अंमल त्याच्यावर चालतो. आणि ऋणभारित झालेले ते अणू एकमेकांना दूर सारीत, अंतर राखून मांडले जातात. पापुद्रा आठ थरांचा केला की अणू भाररहित राहतात आणि ही मांडणी नाहीशी होते.

अद्वैती येथे म्हणेल की, जो भार पाच थर वाढवताच नाहीसा होतो तो त्रिकालाबाधित नव्हे, म्हणून सत्य नव्हे. आक्षेप तोलाचा आहे. परंतु बाध, म्हणजे ज्ञानाने खोटे ठरणे, आणि निवृत्ती, म्हणजे नुसते नाहीसे होणे, यांतील भेद त्यात सुटला आहे. दोरीवरचा साप दोरी ओळखताच बाधित होतो, आणि स्फटिकाचा तांबडेपणा फूल बाजूला करण्याआधीच विचाराने खोटा ठरतो. सोन्यावरचा भार मात्र चांदीकडून आला हे पुरते कळल्यावरही तसाच राहतो, आणि घालवायचा तर ज्ञान पुरत नाही, पाच थर वाढवावे लागतात. बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने सत्तेची कसोटी अर्थक्रियासामर्थ्य, म्हणजे काही घडवून आणण्याची शक्ती, अशी सांगितली; आणि शेजारच्या अणूला दूर सारणारा भार या कसोटीस उतरतो.

म्हणून आधारावर अवलंबून असणे आणि मिथ्या असणे या दोन गोष्टी एका सनदेवर लिहू नयेत. आईबापांकडून, भाषेकडून, गावाकडून आपल्याला जे मिळाले ते मूळचे आपले नव्हे, एवढ्याच कारणाने त्यास आभास म्हणणाऱ्याने त्या तीन थरांवरच्या सोन्याकडे पाहावे. गुण कोणाकडून आला याची नोंद कृतज्ञतेने ठेवावी. पण तो खरा की खोटा, हे त्याच्या कार्यावरून ठरवावे.