भाडे कोणत्या हक्काने?



गोंदिया हे रेल्वेचे जंक्शन आणि जिल्ह्याचे ठिकाण. 2016 पासून येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. बाहेरगावचे विद्यार्थी आणि नोकरदार खोल्या शोधत येतात. घरामागे मोकळी जागा असलेल्याच्या मनात दोन-तीन खोल्या काढण्याचा विचार सहजच येतो. जुम्याच्या नमाजनंतर मग प्रश्न येतो, "मौलाना, भाडे तर हलाल आहे ना? बँकेचे कर्ज काढून बांधले तर काय बिघडले? हप्ता भाड्यातूनच फिटतो."

भाडे हलाल आहे, यात शंका नाही. परंतु ते हलाल का, हे आपण क्वचितच विचारतो. हजरत आयशा (र.) यांच्याकडून आलेली एक हदीस सुनन अबू दाऊदमध्ये आहे. तिचा आशय असा की, ज्याच्या शिरावर नुकसानीची जबाबदारी, त्यालाच उत्पन्नाचा हक्क. आषाढाच्या झडीत स्लॅब गळला तर दुरुस्ती मालकाची. खोली चार महिने रिकामी राहिली तर तोटाही त्याचाच. या ओझ्यामुळेच भाडे त्याच्या हक्काचे ठरते.

व्याज घेणारा यातले काहीच पत्करीत नाही. खोली भरलेली असो वा रिकामी, त्याला हप्ता हवाच. दहा लाखांचे कर्ज दरसाल 9 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे 10,143 रुपये, म्हणजे एकूण सुमारे सव्वाअठरा लाख रुपये भरावे लागतात. आणि 'आम्ही तर देतो, घेत नाही' ही पळवाटही नाही. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार व्याज घेणारा, देणारा, लिहिणारा आणि साक्षीदार हे सारेच धिक्कारास पात्र आहेत.

मग मार्ग कोणता? भागीदारीचा. भावाने सहा लाख घालावेत, आपण चार. भाडे, दुरुस्ती आणि रिकामे महिने याच प्रमाणात वाटून घ्यावेत. पुढे ऐपत येईल तसा त्याचा हिस्सा त्या वेळच्या किमतीने थोडा-थोडा विकत घ्यावा. याला वेळ लागतो, तीन खोल्यांऐवजी एकच उभी राहते, हे मी नाकारीत नाही.

मोठी अनामत घेऊन भाडे माफ करण्याची पद्धतही तपासावी. ती रक्कम आपण खर्च केली की ती कर्ज ठरते, आणि कर्ज देणाऱ्याला त्याबद्दल फुकट निवास मिळणे हा व्याजाचाच प्रकार होय.

परंतु मला अधिक बोलायचे आहे ते कर्जाशिवाय खोल्या बांधलेल्या, स्वतःला निर्दोष समजणाऱ्या मालकांविषयी. भाडे पहिल्या तारखेला हवे; गळतीचे नाव काढले की 'पावसाळा संपू द्या'! जबाबदारी झटकून उत्पन्न तेवढे मागणारा मालक त्या सावकाराहून किती वेगळा? भाडे थकले म्हणून विद्यार्थ्याचे पाणी किंवा वीज तोडणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसारही गुन्हा आहे. सूरह अल्-बकराची 280 वी आयत अडचणीतल्या ऋणकोला सवड देण्यास सांगते, आणि 282 वी व्यवहार लिहून ठेवण्यास. त्याच कायद्याने भाडेकराराची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे.

या महिन्यात पाऊस उघडला की भाडेकरूच्या खोलीत एकदा जाऊन या. परवानगी घेऊन जा, आणि छताकडे पाहा.